पाणी येतंय कुठून, ते आधी बघा
घरदुरुस्ती : वाचकांची पत्रं, मास्तरांची उत्तरं

गळतीची पत्रं जुलैत येतात आणि त्यांची उत्तरं एप्रिलात द्यावी लागतात. भर पावसात कौलांवर चढा असं सांगणारा माणूस मी नव्हे. म्हणून गेल्या पावसाळ्यातली पत्रं दोरीने बांधून ठेवली होती, ती आज सोडली. मृग लागायला अजून दीड महिना आहे, पण गवंडी आणि सुतार मेच्या मध्यावरच मिळेनासे होतात. चाकरमानी गावात उतरले की सगळ्यांना आपापलं छप्पर एकाच दिवशी आठवतं.

नव्या वाचकांसाठी : मी आयटीआयत सव्वीस वर्षं सुतारकाम शिकवलं. देवगड तालुक्यात खाडीजवळ वडिलार्जित चिऱ्याचं घर आहे, त्याची डागडुजी स्वतः करतो आणि चुकाही स्वतःच करतो. मी इंजिनिअर नाही. जिथे इंजिनिअर लागतो तिथे तसं सांगेन.

मास्तर, आमचं घर चिऱ्याचं, सासऱ्यांच्या वेळचं. तीन वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि वर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले. दिसायला छान झालं. पण तेव्हापासून आतल्या भिंतीला कमरेपर्यंत ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, पांढरी पूड पडते. रंगवाला म्हणतो, आता आतूनही तोच रंग मारा. मारू का?
– एक गृहिणी, वेंगुर्ले

मारू नका, ताई. आतून रंग मारलात तर आज कमरेपर्यंत असलेली ओल पुढल्या वर्षी खांद्याला येईल. पाण्याला बाहेर पडायला जागा राहिली नाही की ते भिंतीतून वर चढत जातं.

चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की टणक होतो, पण त्याची भोकं बुजत नाहीत. पावसात तो पाणी पितो आणि दिवाळीनंतर हळूहळू सोडून देतो. जुन्या भिंती मातीत नाहीतर चुन्यात बांधलेल्या असत, तेही पाणी सोडणारे. आपण त्यावर सिमेंटचा कडक गिलावा चढवतो. त्याला केसासारख्या भेगा पडतात, पाणी त्यातून आत जातं आणि परत फिरताना गिलावा आणि रंग दोन्ही आडवे येतात. मग ते घरातल्या बाजूने निघतं. येताना विरघळलेले क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार भिंतीवर राहतात. तुमची पांढरी पूड म्हणजे हा लोणा. तो ओल्या फडक्याने पुसू नका, विरघळून परत भिंतीत जातो. कोरड्या ब्रशने झाडा आणि सुपलीत भरून बाहेर टाका.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. १९९८ साली मी आमच्या माजघराच्या मागच्या भिंतीला हौसेने सिमेंट थापलं. गावातला म्हातारा गवंडी खळ्यात उभा राहून बघत होता. म्हणाला, ‘मास्तरानू, आदी पाणी खयसून येता तां बघा, मगे थापी हातात घेवा.’ मी ऐकलं नाही. तिसऱ्या पावसात तीच भिंत तुमच्यासारखी झाली आणि केलेलं सगळं छिन्नीने काढावं लागलं, तेही त्याच गवंड्याकडून. त्याने एक शब्द काढला नाही, मजुरी मात्र चोख घेतली.

तर आधी पाणी कुठून येतं ते शोधा. ओल जोत्यापासून सारख्या रेषेत वर चढली असेल तर ती जमिनीतून आहे. एकाच ठिकाणी डाग असेल तर न्हाणीघराचा पाइप तपासा. फक्त पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची भिंत भिजत असेल तर ती झड आहे. आणि खळं बघा. मला खात्रीने वाटतं की तुम्ही खळ्यात कोबा किंवा पेव्हर घातले असणार. सारवलेल्या खळ्यावर चार-सहा इंचांचा थर चढला की जोत्याची तेवढी उंची गेली. पागोळ्यांचं पाणी पूर्वी मातीत जिरायचं, आता कोब्यावर आपटून भिंतीवर उडतं. पुढच्या पावसात शिंतोडे किती उंच उडतात तिथे कोळशाने रेघ मारा. बहुतेक ती आतल्या ओलीच्या रेघेजवळच येईल.

भिंतीत पाणी आहे की हवेतला दमटपणा भिंतीवर बसतोय, असा संशय असेल तर हातभर रुंद प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा. दोन-तीन दिवसांनी उचला. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतलं, खोलीकडची ओली असेल तर हवेतलं.

आता काम. बाहेरचा गिलावा जोत्यापासून निदान तीन फूट उतरवा. चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) इंचभर खोल खरवडून साफ करा आणि चुन्याने भरा : एक भाग विरवलेला चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू, त्यात थोडी सुरखी, म्हणजे विटांची पूड. भरलेल्या दर्जा आठवडाभर गोणपाटाखाली ओलसर ठेवा. चुना सावकाश धरतो, म्हणून हे काम याच महिन्यात व्हायला हवं, मेअखेर केलंत तर पहिला पाऊस धुऊन नेईल. पागोळीखाली फूटभर रुंदीचा कोबा फोडून चर खणा, खडीने भरा आणि त्याला उतार द्या. छपराला पन्हळ नसेल तर बसवा. गिलाव्याशिवाय भिंत बरी दिसत नाही असं घरात कुणी म्हणालं तर वर चुन्याचाच पातळ हात द्या. आतल्या बाजूला एक पूर्ण उन्हाळा काहीही लावू नका. भिंत कुरूप दिसेल, दिसू दे.

वानरांनी उच्छाद मांडलाय. दर वर्षी शे-दीडशे कौलं फुटतात. भाऊ म्हणतो, कौलं उतरवून पत्रा घालू, कटकट मिटेल. वडिलांचा जीव कौलांत आहे. तुम्ही निकाल द्या.
– एक वाचक, गुहागर

भावाभावांत आणि बापलेकांत निकाल देण्याइतका मी शहाणा नाही. दोन्ही बाजू मांडतो.

कौल फुटलं तर एक कौल बदलायचं असतं. पत्रा उडाला तर सगळं पाखं उघडं पडतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं तेव्हा, आणि पुढच्या मेमध्ये तौक्ते आमच्या दारावरून गेलं तेव्हाही, पत्रे माडांना गुंडाळलेले आम्ही पाहिले आहेत. कौलंही उडाली, पण शेजारपाजाऱ्यांनी मिळून चार दिवसांत परतली, म्हणजे पुन्हा रचून घेतली. पत्र्यासाठी महिना महिना ताडपत्रीखाली काढलेली घरं मला माहीत आहेत. शिवाय एप्रिलात पत्र्याखाली दुपारी बसून बघा. आणि पावसात बाजूच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, ते वेगळंच.

पण वानरांचा त्रास खोटा नाही. दर वर्षी दीडशे कौलं म्हणजे जवळजवळ शंभर चौरस फुटांचं छप्पर, आणि आता परतणारी माणसंही मिळत नाहीत. वडिलांचं वय बघता वर चढणार कोण, हा प्रश्न भावाने विचारला असेल तर तो बरोबर आहे.

कौलं ठेवायची असतील तर : फुटकं कौल फेकण्याआधी उलटं करून पाठीवरचा शिक्का वाचा. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर किती कारखाने झाले आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. दुसऱ्या साच्याचं कौल शेजारच्याच्या खोबणीत नीट बसत नाही आणि तिथेच गळतं. जुनी घरं पाडतात तिथून त्याच शिक्क्याची कौलं दोनेकशे घेऊन गोठ्यात रचून ठेवा. पागोळीकडच्या आणि आढ्याजवळच्या तीन-तीन ओळी स्टीलच्या तारेने रिपांना बांधून घ्या, वारा आधी तिथेच हात घालतो. खोबणीतला आंब्याचा पाला आणि शेवाळ कडक ब्रशने काढा. अर्ध्या गळत्या फुटक्या कौलाच्या नसतात, तुंबलेल्या खोबणीच्या असतात. गळती शोधायला भर दुपारी माळ्यावर जा, खालची दारं लावून घ्या. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करा. थेंब पडतो त्या जागेवर विश्वास ठेवू नका. पाणी वाशावरून सहा-सहा फूट चालत येतं आणि मग गळतं.

वानरांसाठी आमच्याकडे काहीजण मच्छीमारांकडून जुनं जाळं घेऊन छपरावर सैल ताणतात. पाय अडकतो म्हणून वानर टाळतात. पण छपरावर टेकलेली आंब्या-फणसाची फांदी ठेवून जाळं लावण्यात अर्थ नाही. आधी फांदी छाटा.

पत्राच घालायचा ठरला तर तीन गोष्टी. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ पत्रा घेऊ नका. तो ग्राइंडरने कापू देऊ नका : ठिणग्यांनी कडेचा लेप जळतो आणि लोखंडाचा कीस पत्र्यावर पडून पहिल्याच पावसात गंजाचे ठिपके उमटतात. पत्र्याच्या कात्रीनेच कापायला सांगा. आणि कडेला व आढ्याला स्क्रू मधल्या भागापेक्षा दाट मारा, रबरी वायसर चेपून फाटेल इतके आवळू नका. त्या रबराकडे दर तीन-चार वर्षांनी बघावं लागेल. कटकट मिटेल, असं भावाला वाटतं तेवढं काही नाही.

१९९६ चं स्लॅबचं घर, समुद्रापासून दोनशे मीटर. बेडरूमच्या छताचे तुकडे पडतात, आतल्या सळ्या लाल झालेल्या दिसतात. कंत्राटदाराने दोनदा सिमेंट लावून दिलं, दोन्ही वेळा पडलं. आता तो म्हणतो, पीओपीचं सीलिंग करून टाका.
– एक निवृत्त शिक्षक, मालवण

सर, सीलिंग केलंत तर स्लॅब पडणार आहे हे तुम्हाला पडल्यावर कळेल. त्या खोलीत झोपणं आजपासून बंद करा. हे घाबरवायला लिहीत नाही.

सळी गंजली की फुगते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट ढकलून पाडतो. वरून सिमेंट थापणं म्हणजे सुजलेल्या पायावर घट्ट मोजा चढवणं. गंज का लागला? खारा वारा आहेच. पण त्या काळी आमच्या पट्ट्यात खाडीची वाळू न धुता वापरली जायची, म्हणजे मीठ आतच कालवलेलं. आणि सळीखाली कव्हर, म्हणजे सळी झाकणारा काँक्रीटचा थर, राहावं म्हणून खडीचा तुकडा सरकवायचे, तो ओतताना निसटायचा. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत, किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर आणि मजबुतीचा किमान एम ३० दर्जा सांगितला आहे. तुमच्या पडलेल्या तुकड्याची जाडी पट्टीने मोजा. पंधरा भरली तर मला नवल वाटणार नाही.

इथे स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतोच. तो येण्याआधी तुम्ही एवढं करा : हातोडीच्या दांड्याने सगळं छत ठोकून बघा, फक्त त्या खोलीचं नव्हे. जिथे बद्द आवाज येईल तिथे खडूने गोल काढा. मग गच्चीवर जा. पावसाचं पाणी कुठे साचतं, कठड्याच्या बुडाशी वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार) सुटलाय का, पाण्याच्या टाकीखाली काय आहे, हे बघा. खालून पडणाऱ्या तुकड्यांचं पाणी बहुतेक वरूनच आलेलं असतं, आणि ते थांबवल्याशिवाय खाली कितीही खर्च केलात तरी टिकणार नाही.

खालचं काम असं व्हायला हवं : आधी टेकू. मग सैल काँक्रीट सळीच्या मागेही बोटभर जागा होईपर्यंत फोडायचं, नुसती सळी दिसेपर्यंत नाही. सळी ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायची, गंज नावालाही ठेवायचा नाही. जी सळी बारीक झाली असेल तिच्या जोडीला नवी, किती आणि कुठे ते इंजिनिअर सांगेल. सळीला झिंकचा प्रायमर, जुन्या काँक्रीटला जोडणारा लेप, आणि मग पॉलिमर मॉर्टर, थराथराने. खड्ड्याची कड जिथे सळी निरोगी दिसते त्याच्याही थोडी पुढे न्यायची. नाहीतर दुरुस्त केलेल्या तुकड्याला लागून असलेली जुनी सळी आधीपेक्षा जास्त वेगाने गंजते. तुमचं सिमेंट दोनदा का पडलं याचा हिशेब बहुधा इथे लागेल. कामगार काम करत असताना तुम्ही शाळेतल्यासारखे मागे उभे राहा. सळी घासण्याचं काम कुणालाच आवडत नाही आणि तेच चुकवलं जातं.

गच्चीवर पत्र्याची शेड करण्याचा सल्ला तुम्हाला दहाजण देतील. आमच्या किनाऱ्यावर तो वाईट सल्ला नाही, पण तिचे खांब स्लॅबमध्ये भोकं पाडून बसवू देऊ नका.

आम्ही ठाण्याला असतो. गावचं घर गणपती आणि मे सोडला तर बंद. या वेळी उघडलं तर कपाटात बुरशी, दाराच्या चौकटीला वाळवी आणि मोरीतून घाण वास.
– एक चाकरमानी, मूळ गाव राजापूर तालुका

वासाचं सोपं आहे. मोरीच्या जाळीखालच्या वाकात थोडं पाणी साठलेलं असतं, तेच गटाराचा वास अडवतं. घर बंद राहिलं की ते आटतं. निघताना प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी आणि त्यावर दोन चमचे खोबरेल ओता, तेलाच्या थरामुळे पाणी उशिरा आटतं. कपाटांची दारं उघडी टाकून जा, गाद्या भिंतीपासून लांब खाटेवर उभ्या करा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गादी आतून सडते. माळ्याचे झरोके जाळी लावून उघडे ठेवा. आणि शेजारच्या काकूंना पंधरा दिवसांनी दोन तास दारं उघडायला सांगा. त्यांना मानाने काही द्या, नुसती मुंबईची मिठाई नको.

ही वाळवी लाकडात राहत नाही, जमिनीत राहते, लाकडावर जेवायला येते. तिची मातीची नळी जोत्यापासून चौकटीपर्यंत कुठून चढते ते शोधा. नळी मोडून रॉकेल लावलंत तर ती दोन हात बाजूने दुसरी बांधेल. भिंत आणि जमीन मिळते तिथे फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडावं लागतं. हे काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या आणि विहीर कुठे आहे ते त्याला आधी दाखवा. विहिरीकडच्या बाजूला ही औषधं जमिनीत जाता कामा नयेत. भिंतीला टेकवून ठेवलेला लाकूडफाटा आणि माडाची झावळं मात्र आजच हलवा, वाळवीला आवतण तिथूनच जातं.

पावसाळ्यात स्विचबोर्डाला हात लावला की मुंग्या येतात. कोरडी चप्पल घालून चालवतोय.
– एक वाचक, पावस

चपलेवर विसंबू नका, मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. विजेची एवढी गळती एमसीबीला कळत नाही, तो जास्त भारावर आणि शॉर्टवर पडतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि तिचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबून बघा, दाबल्यावर वीज गेली पाहिजे. झडीच्या भिंतीवरचा बोर्ड आतल्या भिंतीवर हलवा. अर्थिंग मीटरने मोजायला सांगा. आपल्याकडे कातळात पुरलेलं अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, त्यात पाणी घालावं लागतं, आणि हे काम मी स्वतः दोन वर्षं विसरलो होतो.

बिजागऱ्या आणि कड्या वर्षात गंजतात. ‘स्टेनलेस’ लिहिलेलं घेतलं तरी.
– एक वाचक, हर्णे

दुकानात बहुतेक ३०४ नंबरचं स्टेनलेस मिळतं, कधी त्याहून हलकंही. समुद्रासमोर ३१६ मागा, त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला जास्त टिकतं. महाग आहे. परवडत नसेल तर पितळ घ्या. आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, मीठ बसून राहिलं की ३१६ लाही डाग पडतात.

जाता जाता एक चूक मान्य करायची आहे. मागच्या अंकात ओटीच्या खांबांना काजूच्या टरफलाचं तेल लावा असं मी लिहिलं. होड्यांना लावतात, लाकडाला उत्तम, वाळवी लागत नाही, ते सगळं खरं. पण ते तेल कातडी जाळतं, हे लिहायचं राहून गेलं. केळशीच्या एका वाचकाने उघड्या हातांनी चार खांब रंगवले आणि कोपरापर्यंत फोड आले. त्यांचं पत्र डाव्या हाताने लिहिलेलं आहे, उजव्याला पट्टी होती. त्यांची माफी मागतो. लावायचं असेल तर रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, लांब दांड्याचा ब्रश, आणि वाळेपर्यंत पोरांना ओटीवर फिरकू देऊ नका. आमच्याकडे वाळायला आठ दिवस लागले होते.